अपिलातून दावा पुन्हा खाली पाठवणे: न्याय की नुसती नवी तारीख?

निफाडकर: आमच्या शेजारच्या द्राक्षबागेच्या बांधाच्या दाव्यात मूळ न्यायालयाने मोजणीचा नकाशा ग्राह्य धरून निकाल दिला. भूकरमापकाची साक्षच झालेली नाही, एवढ्या एका कारणावरून अपिलात तो हुकूमनामा रद्द झाला आणि सगळा दावा फेरनिर्णयासाठी खाली आला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ नुसार अपिलीय न्यायालयाला स्वतः पुरावा घेता येतो. मग एका साक्षीदारासाठी दोन्ही घरांना पुन्हा तारखांना जुंपण्याचे कारण काय?

जुना आग्रा रोड: साहेब, मी वकिली करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर पहिले अपील हीच बहुधा शेवटची पायरी असते, कारण कलम १०० खालील दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते चालते. भूकरमापकाची उलटतपासणी थेट अपिलात झाली, तर हरणाऱ्याला त्या साक्षीवर दाद मागायला जागाच उरत नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत वडोदऱ्याच्या बेकरीत झालेल्या हत्याकांडाचा बेस्ट बेकरी खटला आठवावा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला आणि आधी सर्व २१ आरोपी निर्दोष सुटलेल्या त्या खटल्यात २००६ मध्ये मुंबईत ९ जण दोषी ठरले.

गोदाकाठ: तो फौजदारी खटला होता आणि तिथे साक्षीदारांवरील दबावाचा प्रश्न होता, बांधाच्या भांडणाला ते माप लावू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेतील अपिलांबाबतच्या आदेश ४१ मधील नियम २५ कोणी वापरत का नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यानुसार अपील स्वतःकडेच चालू ठेवून, राहिलेला मुद्दाच तेवढा मुदत घालून खाली पाठवता येतो आणि मूळ न्यायालय पुरावा नोंदवून निष्कर्षासह कागद वर पाठवते. पण तसे केले की अपील प्रलंबित दिसते, आणि दावाच परत पाठवला की ते निकाली निघते! अनावश्यक फेरपाठवणीने दाव्याचे आयुष्य विनाकारण वाढते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच पुरुषोत्तम रेड्डी प्रकरणात बजावले आहे.

जुना आग्रा रोड: निकाली प्रकरणांचे आकडे वाढवण्याचा हेतू न्यायालयांना चिकटवणे मला मान्य नाही. नियम २५ अधिक वापरला जावा, हे मात्र खरे. शिवाय दावा परत आला म्हणजे सगळे पहिल्यापासून, असेही नाही. नियम २३ प्रमाणे आधी नोंदवलेला पुरावा रास्त अपवाद वगळता कायम राहतो.

निफाडकर: कागदावर राहतो. आदेशात मुद्दा न नेमता ‘उभय पक्षांना पुरावा देण्याची संधी द्यावी’ एवढेच लिहिले, त्याच्या आधारावर प्रतिवादीने जुने साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज दिला आहे. या आदेशावर उच्च न्यायालयात अपील करावे, तर तिथे किती वर्षे जातील? आणि न करावे, तर कलम १०५ मुळे त्याच्या योग्यतेबद्दल पुढे तोंड उघडता येत नाही. वकीलसाहेब, आपण आपल्या पक्षकाराला यातले काय सांगाल?

जुना आग्रा रोड: बहुतेकांना मी खालीच चालवा म्हणतो. मात्र पहिल्याच तारखेला, पुरावा फक्त भूकरमापकापुरता ठेवावा, असा लेखी अर्ज द्यायला लावतो.