मदत हवी आहे: जिल्हा परिषद शाळेच्या नव्या इमारतीची जागा, पूररेषा, गायरान आणि 2 ऑक्टोबरची ग्रामसभा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. थोरली चौथीत, धाकटा पहिलीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर्ग पहिली ते सातवी, पट 112. सातपैकी चार खोल्या धोकादायक ठरल्या, त्यांच्या निर्लेखनाला (म्हणजे त्या कागदावरून कमी करून पाडायला) मंजुरी आली, आणि जूनपासून पहिली-दुसरीची पोरं समाजमंदिरात बसतात. शाळा ओढ्याच्या तोंडाशी असल्यामुळं 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत वर्गांत पाणी शिरलं होतं. त्यामुळं नव्या खोल्या तिथंच नकोत, एवढ्यावर गावाचं एकमत आहे. पुढं मात्र गाव दोन ठिकाणी फुटलंय.

पहिली जागा चावडीमागची, गावठाणातली. 18 गुंठे, मोकळी, रस्त्यालगत. सगळ्यांच्या घराजवळ. दुसरी माळावरची, गायरानातली एक एकर. उंचावर, मुरमाड, पण राज्य रस्त्याच्या पलीकडं.

बांधकाम विभागाची पाहणी मार्चमध्ये झाली. पाहणी अहवाल समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. चावडीमागच्या जागेबद्दल त्यात "जागा सपाट, पोहोच रस्ता आहे, पाण्याची सोय आहे" असं आहे. पुराबद्दल एक अक्षर नाही. मार्चमध्ये तिथं धूळ उडत असते, येणाऱ्याला काय दिसणार? पण 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं (तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे) तेव्हा याच चावडीत माझ्या छातीएवढं पाणी होतं. चावडीच्या दगडी खांबावर गाळाची रेघ अजून दिसते. मामंजी म्हणतात, 2005 ला पाणी पायरीपर्यंत आलं होतं. म्हणजे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ माळावरची जागा घ्या. तिथंच माझं मन अडकतं. परवा धाकट्याला घेऊन मी नदीकडच्या वस्तीपासून माळापर्यंत चालत गेले. फोनवर 1.4 किलोमीटर आलं. सहा वर्षांचं पोर, पाठीवर दप्तर, 31 मिनिटं लागली. त्यात राज्य रस्ता ओलांडावा लागला, आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत असावी असं आहे. चावडीपासून माळ 900 मीटर भरतो, पण नदीकडची वस्ती त्या मापात बसत नाही. आणि त्या वस्तीतलीच 27 पोरं शाळेत आहेत, बहुतेक शेतमजुरांची. खासगी शाळेची गाडी त्यांना परवडणारी नाही. शाळा लांब गेली तर आधी मुलींची शाळा सुटेल, ही भीती मला रात्री झोपू देत नाही.

आणखी एक. माळावर मेंढरं चारणारी चार घरं आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मला हे हवंय:
ग्रामसभेत हात वर करून जागा ठरली की ती कायमची ठरली का, की त्यानंतर कुणी तपासतं?
पुराची गोष्ट कागदावर कशी आणायची?
"सुप्रीम कोर्टानं गायरानावर बंदी घातली आहे, फाइल परत येईल" असं सांगून माळाचा विषयच उडवला जातोय. हे खरं आहे का?

सरपंच किंवा गुरुजी यांच्याशी भांडण नाही. सगळ्यांना लवकर खोल्या हव्यात, मलाही. पण इमारत एकदा उभी राहिली की पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती हलणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी जिल्हा परिषदेच्या बांधकामात नोकरी करून निवृत्त झालो. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाची मागणी. गायरान ही शासनाची जमीन, ती देण्याचा आदेश महसूलकडून निघतो. तुमचा ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडं जाईल, मोजणी होईल, तहसीलदार अहवाल देतील, मग जिल्हाधिकारी. त्यामुळं तपासणी पुढं होते, पण ती कागद बघून होते. कागदात पूर नसेल तर वरच्या टेबलावरही पूर नसणार. म्हणून आत्ताच दोन अर्ज द्या. एक गटविकास अधिकाऱ्यांना: पावसाळ्यात फेरपाहणी करावी. दुसरा पाटबंधारे विभागाला: अमुक गट नंबर निळ्या पूररेषेच्या आत येतो की बाहेर, ते लेखी कळवावं. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो, निळी ते लाल नियंत्रित. तुमच्या हद्दीत रेषा आखलेली नसेल तर 2019 आणि 2021 चे पंचनामे तलाठी कार्यालयातून मिळवा. चावडीच्या खांबाचा फोटो टेप लावून काढा.

शिवाय गावठाणातली माती काळी असेल तर पाया महाग पडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंदाजपत्रकात ते धरलंय का, विचारा. माळाच्या मुरमावर तो खर्च वाचेल.

प्रतिसाद

गायरानाला हात लावता येत नाही. 2011 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. उगाच वेळ घालवू नका.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी असहमत. 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावर झालेल्या बेकायदा अतिक्रमणाबद्दल आहे. सार्वजनिक जमिनीवर आधीपासून शाळा किंवा दवाखाना असेल तर ते अपवाद होऊ शकतात, असं त्याच निकालात म्हटलंय. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर महसूल संहितेचं कलम 22-अ वाचा. गायरान दुसऱ्या कामाला देता येत नाही हा नियम, पण सार्वजनिक प्रयोजनासाठी, दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसेल तर देता येतं.

आता यातली मेख बघा. "दुसरी योग्य जमीन नाही" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि चावडीमागं 18 गुंठे रिकामे दिसतायत. ती जागा पुरात जाते हा लेखी पुरावा नसेल तर गायरानाची फाइल खरंच परत येईल. म्हणजे आधीच्या प्रतिसादात सांगितलेलं पाटबंधाऱ्याचं पत्र तुम्हाला दोन्हीकडं लागणार आहे. मेंढपाळ कुटुंबांचं म्हणणंही इतिवृत्तात यायला हवं. चराईला किती जमीन उरते हे आकड्यात लिहा, नाहीतर उद्या तीच हरकत येईल आणि ती रास्त असेल.

प्रतिसाद

शिक्षिका आहे, शेजारच्या तालुक्यात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ती तुमच्याकडं खरंच होते की नुसती सह्यांची वही फिरते? ती भरवून घ्या. नदीकडच्या वस्तीतल्या आयांना घेऊन जा आणि त्यांना बोलू द्या, तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. 1 किलोमीटरच्या बाहेरच्या मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, जागेच्या ठरावातच ती मागा. नंतर मागितलं की "निधी नाही" ऐकावं लागतं. रस्ता ओलांडण्यासाठी गतिरोधक आणि फलकाची मागणीही त्याच ठरावात घाला. आमच्याकडं आधी इमारत झाली आणि गतिरोधकाला चार वर्षं लागली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही अर्ज काल दिले, पोच घेतली. खांबावरची रेघ टेपनं मोजली, जमिनीपासून 4 फूट 3 इंच. पंचनाम्याची प्रत तलाठी भाऊसाहेब सोमवारी देतो म्हणालेत. माळावरच्या घरी जाऊन आले. म्हातारी म्हणाली, शाळेला जागा द्यायला आमची ना नाही, पण पाणंद आणि पाण्याचं टाकं तोडू नका. ते मला आधी माहीतच नव्हतं. टाकं नेमकं त्या एकराच्या कोपऱ्यात येतंय, म्हणून एकर थोडा पूर्वेला सरकवून मोजणी मागावी असं वाटतं.

महिला सभा 30 सप्टेंबरला ठरली आहे. ठरावाचा मसुदा असा केलाय, कृपया कुणी दुरुस्त करून द्या:

"चावडीमागील गावठाण जागा सन 2019 च्या पुरात 4 फूट 3 इंच पाण्याखाली होती, पंचनामा सोबत जोडला आहे. सबब सदर जागा शाळेस योग्य नाही. गायरानातील एक एकर जागा, पाणंद व पाण्याचे टाके वगळून, शाळेसाठी मिळावी. नदीकडील वस्तीतील 27 मुलांना वाहतूक भत्ता मिळावा. शाळा सुरू होण्यापूर्वी राज्य रस्त्यावर गतिरोधक व्हावेत."

पाटबंधाऱ्याचं उत्तर 2 तारखेपर्यंत आलं नाही तर "पत्र प्राप्त होण्याच्या अधीन राहून" असं लिहिलं तर चालेल का?