घरात सर्वांनी मिळून ऐतिहासिक चित्रपट पाहताना लहान मुलांचे काय करावे?

राजारामपुरीकर

नमस्कार. आमचे कुटुंब एकत्र आहे. रविवारी रात्री जेवणे आटोपली की सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहायचा, ही सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत आहे आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. घरात माझी सात वर्षांची मुलगी आणि थोरल्या दिरांचा बारा वर्षांचा मुलगा आहे. एरवी जुने मराठी किंवा विनोदी चित्रपट लागतात. प्रणयप्रसंग आला की कोणीतरी रिमोट उचलतो किंवा मुलांना पाणी आणायला पिटाळले जाते, आणि विषय तिथेच मिटतो.

येत्या रविवारी मात्र आबांनी छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील एक अलीकडचा चित्रपट लावायचे ठरवले आहे. त्याला ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र आहे आणि शेवटी कैदेतील छळाचे प्रसंग बरेच लांबवले आहेत, असे पाहून आलेल्यांनी सांगितले. मी हे बोलून दाखवले तेव्हा “आपला इतिहास आपल्या मुलांनी नाही पाहायचा तर कोणी पाहायचा?” असे भाऊजी म्हणाले, आणि ते खोटेही नाही. पण पडद्यावर दोन माणसे जवळ आली की आम्हाला घाम फुटतो आणि भाल्याने माणूस भोसकला जात असताना आम्ही निवांत भाजक्या शेंगा सोलत बसतो, याचे मला कोडे पडते. या प्रमाणपत्राला कितपत मानावे, आणि आबांचा मान राखून हे कसे सांगावे?

दसरा चौक

ताई, प्रमाणपत्रापुरते सांगतो. १९८३ पासून चाळीस वर्षे ‘यूए’ हा एकच गट होता. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. चित्रपटगृहात मुलांना दारातच अडवले जाते ते ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला. ‘यूए’वरचा वयाचा आकडा हा आईवडिलांना दिलेला सल्ला असतो आणि तो पाळायचा की नाही हे त्यांनीच ठरवावे, असे त्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कायद्याने हा निर्णय तुमच्याच पदरात टाकला आहे.

तुम्ही हा चित्रपट मोबाईल किंवा स्मार्ट टीव्हीवरच्या एखाद्या ॲपवर पाहणार असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२१ च्या नियमांनुसार ॲपवरची वयोगटाची वर्गवारी ती कंपनी स्वतःच करते. तिथे सेन्सॉर बोर्ड नसते. मात्र वयोगटाच्या शेजारी हिंसा, भीतिदायक दृश्ये, शिवराळ भाषा असे कारण लिहिणे त्यांना बंधनकारक आहे. माझ्या मते आकड्यापेक्षा ती बारीक अक्षरांतली ओळ जास्त उपयोगाची असते, कारण १६+ हा आकडा शिव्यांमुळेही पडतो आणि रक्तपातामुळेही, आणि तुमच्या मुलीच्या झोपेच्या दृष्टीने या दोन गोष्टी सारख्या नाहीत. १३+ आणि त्यापुढच्या चित्रपटांना कुलूप घालण्याची सोयही ॲपने द्यावीच लागते. पण रिमोट आबांच्या हातात असताना त्या कुलपाचा उपयोग शून्य, हे उघड आहे.

शुक्रवार पेठेतील आजोबा

मी तुमच्या सासऱ्यांच्याच पिढीचा असल्याने त्यांची बाजू आधी मांडतो. पराक्रमाच्या गोष्टी रक्तावाचून सांगता येत नाहीत. अफझलखानाचा वध आम्ही तुमच्या मुलीएवढे असताना पोवाड्यात ऐकला आणि आमचे काही बिघडले नाही. तेव्हा इतिहासच नको, अशी भूमिका तुम्ही घेतलीत तर घरात तुमचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

परंतु ऐकणे आणि पाहणे यांत फरक आहे, आणि तो आपल्या कोल्हापूरला तरी नव्याने सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका हुबेहूब उतरला होता की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. कथा महाभारतातली, घरोघरी पाठ असलेली. तरीही ती डोळ्यांसमोर घडताना पाहणे त्या काळच्या मोठ्या माणसांनाही जड गेले. गोष्ट सांगणारी आजी मांडीवरच्या पोराचा चेहरा बघून पुढचे आटोपते घेते. चित्रपट समोर कोण बसले आहे हे बघत नाही, त्यामुळे ते काम घरातल्या एखाद्या माणसाने अंगावर घ्यावे लागते.

आता मान राखण्याविषयी. सर्वांसमोर, रिमोट हातात असताना, “हे मुलांना नको” असे म्हणू नका; तो अपमान वाटतो. आदल्या दिवशी एकट्यात त्यांना विचारा, “आबा, शेवटचा भाग तुम्ही तिला तोंडी सांगाल का?” नातीला गोष्ट सांगायला नाही म्हणणारा आजोबा मी तरी पाहिलेला नाही.

कळंब्याची शिक्षिका

आजोबांशी सहमत आहे, फक्त दोन्ही मुलांना एकाच मापाने मोजू नका. सात-आठ वर्षांपर्यंतची मुले जे दिसते आणि ऐकू येते त्याला घाबरतात. ‘हे खोटे आहे, तो रंग आहे’ असे समजावून त्यांची भीती फारशी कमी होत नाही. बारा वर्षांचा मुलगा दृश्याला कमी आणि अर्थाला जास्त घाबरतो, म्हणजे माणूस माणसाशी असे खरोखर वागू शकतो, या जाणिवेने तो हादरतो. तो गप्प बसला म्हणजे त्याला काही वाटले नाही, असे समजू नये.

लहानांच्या बाबतीत आवाजाकडे लक्ष द्या. माझ्या वर्गातली मुले भीतिदायक प्रसंगात डोळे उघडे ठेवतात आणि कान झाकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरच्या टीव्हीला जोडलेले मोठे स्पीकर त्या दिवशी बंद ठेवले आणि दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवला, तरी बराच फरक पडतो. (पुरुषमंडळींना हे पटवणे चित्रपट बदलण्यापेक्षा अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.)

चित्रपट तुम्ही किंवा तुमच्या जाऊबाईंनी आधी पाहून घ्यावा आणि मुलीला कुठे उठवायचे ती जागा नक्की करावी. मात्र तिला ऐनवेळी पाण्याला पिटाळू नका. ती दाराआडून पाहील आणि अर्धवट पाहिलेले अधिक छळते. मध्यंतराला चित्रपट थांबवून, “आजचा तुझा भाग इथपर्यंत, पुढचे आबा सांगणार आहेत,” असे आधीच ठरवून ठेवा. मुलांसाठीचेच काही हवे असेल, तर शाहू स्मारक भवनात चिल्लर पार्टी चळवळ बालचित्रपट दाखवत आली आहे. तिथे एकदा आबांनाही सोबत न्या.

राजारामपुरीकर

सर्वांची आभारी आहे. आबांशी बोलले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, “रात्री नको, दुपारी लावू,” एवढेच म्हणाले. धाकटी मध्यंतरापर्यंत बसेल. आता अडचण पुतण्याची आहे. वर्गातल्या सगळ्यांनी तो चित्रपट थिएटरात पाहिला आहे, मीच राहिलोय, असे तो म्हणतो, आणि शेवट पाहण्यासाठीच हटून बसला आहे.

शुक्रवार पेठेतील आजोबा

त्याला बसू द्या, पण वडिलांच्या शेजारी. आणि शेवट काय आहे ते आधीच सांगा: १६८९ साली संगमेश्वरला महाराज पकडले गेले आणि पुढे हाल करून त्यांना मारले गेले. माहीत असलेले दुःख अंगावर कोसळत नाही. जमल्यास चित्रपटाआधी त्याला पन्हाळ्यावर घेऊन जा, वीसेक किलोमीटर तर अंतर आहे. १६८० मध्ये थोरले महाराज गेले, तेव्हा संभाजी महाराज त्याच गडावर होते. तीन दरवाजातून फिरून आलेल्या मुलाला त्या चित्रपटात छळाखेरीज पाहण्यासारखे पुष्कळ सापडेल.