गाऱ्हाण्यापुढे फिशपाँड फिका

शाळेच्या निरोप समारंभातले फिशपाँड, म्हणजे एकमेकांवर लिहिलेल्या निनावी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचणं, ही नुसती टिंगल, असं काहीजण म्हणतात. निनावी चिठ्ठ्यांचं तसं होतंच. आमच्या शाळेत बाई आधी सगळ्या चिठ्ठ्या वाचत आणि रंगा-वजनावरच्या तिथेच फाडत.

पण मालवणाकडे दहावीच्या निरोप समारंभात खरा हशा गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेल्या साकड्याला. खणखणीत आवाजाचा एखादा पोरगा हातात नारळ घेऊन सुरू करायचा, "बा देवा म्हाराजा, मार्चात ह्या लेकरांका बीजगणिताचो पेपर सोपो येवंदे रे म्हाराजा!" मागून अख्खा वर्ग, "व्हय म्हाराजा!" "आणि वर्गावर येतल्या मास्तराक गाढ झोप लागांदे रे म्हाराजा!" इथे मुख्याध्यापक मुद्दाम खोकत. पुढच्या "व्हय म्हाराजा"त शिपाईमामांचा आवाज सगळ्यांत मोठा! नारळ कोणी फोडायचा, यावरून भांडण मात्र दरवर्षी ठरलेलं.