विषय: पुण्याहून सहा जण, त्यातले दोन सत्तरीपुढचे. अनाहाइम, ऑर्लंडो की टोकियो?

प्रेषक: बाणेरकर, पुणे

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरतंय. आई-बाबा (७१ आणि ७४, आईचे गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची, उंची १०४ सेंटिमीटर. सगळ्यांचे अमेरिकेचे व्हिसा चालू आहेत, तेव्हा तो प्रश्न नाही. घरात तीन पक्ष पडलेत: अनाहाइमचं डिस्नीलँड, ऑर्लंडोचं डिस्नी वर्ल्ड आणि टोकियो.

कुठली राइड भारी, याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते नकोत. कुठे उतरलो तर चौथ्या दिवशीही सहा जण एकमेकांशी धड बोलत असतील, तेवढं सांगा.

— बाणेरकर

---

प्रेषक: टँपाकर, फ्लोरिडा

बाणेरकर, प्रश्न बरोबर जागी धरलात.

एकच कसोटी लावा, आणि ती पुणेकराला समजावून सांगायला नको: दुपारी एक ते चार खोलीवर येऊन पडता येतं का? पार्कचा एक दिवस म्हणजे बारा-चौदा तास आणि दहा-पंधरा किलोमीटर चाल. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजी-आजोबा हे सलग करू शकत नाहीत. दुपारी परतता आलं तर संध्याकाळ मिळते. नाहीतर चार वाजता कोणीतरी रडतं, आणि दर वेळी ती मुलगीच असते असं नाही.

या कसोटीवर ऑर्लंडो कठीण जातं. जागा अफाट आहे, जवळजवळ शंभर चौरस किलोमीटर. चार पार्क, दोन वॉटर पार्क, पंचवीसहून जास्त हॉटेलं. मॅजिक किंगडम, म्हणजे त्या चारातलं मुख्य पार्क, त्याच्या आतल्या टोकाहून निघालात तर गेटपर्यंत चाल, मग बसची वाट, मग प्रवास, मग हॉटेलच्या आवारात पुन्हा चाल. पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्त हॉटेलवर जायचं तर एका बाजूचा पाऊण ते एक तास धरा. स्ट्रोलर, म्हणजे मुलांची ढकलगाडी, बसमध्ये घडी करूनच घेतात, म्हणजे झोपलेलं पोर कडेवर.

त्यातल्या त्यात दोन वाटा आहेत. कंटेम्पररी हॉटेलवरून मॅजिक किंगडमला चालत दहा मिनिटं, पण भाडं पॉप सेंच्युरीच्या तिप्पट सहज होतं. दुसरी वाट स्कायलायनर, म्हणजे केबल कार. ती पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांहून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जाते. आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये सहा जणांचे फॅमिली स्वीट आहेत, तुमच्या बेताला तेच बसतात. मात्र जोराचा वारा किंवा विजा असल्या की केबल कार थांबवतात, मग आहेच बस.

भाड्याची गाडी घेऊन हॉटेलबाहेर राहायचा मोह होईल. तसं केलंत तर मॅजिक किंगडमला पार्किंग गेटापाशी नाही हे लक्षात ठेवा. गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. जाताना मजा येते. रात्री फटाके संपल्यावर अख्खं गाव त्याच बोटीला उभं असतं.

तारखांचंही बघा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री हॅलोविन पार्टी असते, आणि नोव्हेंबरात नाताळची पार्टी सुरू होते. त्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी सहालाच बाहेर काढतात. दिवसा गर्दी कमी असते, पण फटाके हुकतात. आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट काढा.

ऑर्लंडोची एक गोष्ट मात्र पुण्यातून सोयीची आहे. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना लायटनिंग लेन (जादा पैसे भरून मिळणारी छोटी रांग) सात दिवस आधी बुक करता येते, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. खिडकी तिथल्या सकाळी सातला उघडते. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे गेलं की साडेपाच. चहा घेत घेत होतं.

— टँपाकर

---

प्रेषक: अर्व्हाइनकर, कॅलिफोर्निया

> दुपारी एक ते चार खोलीवर येऊन पडता येतं का?

टँपाकर काकांनी माझंच काम केलं.

अनाहाइमला दोनच पार्क, १९५५ चं मूळ डिस्नीलँड आणि २००१ चं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. दोघांची गेटं एकाच चौकात समोरासमोर. ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलमधून दुसऱ्या पार्कात थेट दार आहे, पण भाडं ऐकून बाबा परत बाणेरला निघतील. तेवढं नको असेल तर हार्बर बुलेव्हार्डवर पार्कसमोर साधी हॉटेलं ओळीने उभी आहेत. रस्ता ओलांडला की पाच ते दहा मिनिटांत गेट. डिस्नीच्या स्वतःच्या डिस्नीलँड हॉटेलपेक्षा यातली काही गेटाला जवळ पडतात. इथे नावापेक्षा नकाशावरचं अंतर बघून हॉटेल घ्यायचं.

खोल्या घेताना 'कनेक्टिंग' मागा. 'ॲडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारच्या, मधे दार असेलच असं नाही. आणि बुकिंगच्या मेलवर भिस्त ठेवू नका. दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून वदवून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी ती 'विनंती' असते, हमी नसते. साइटवर दिसणारा दर कराशिवायचा असतो. अनाहाइममध्ये हॉटेलवरचा कर १७ टक्के, गाडी असेल तर रात्रीचं पार्किंग वर.

आता उंची. तुमच्या घरातली भांडणं इथूनच निघणार आहेत. एकाच नावाच्या राइडला दोन गावांत वेगळी अट असते. स्पेस माउंटन अनाहाइमला १०२ सेंटिमीटर, ऑर्लंडोला ११२. म्हणजे तुमची १०४ वाली मुलगी इथे बसेल, तिथे बाहेर राहील. इथे रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स आणि राइज ऑफ द रेझिस्टन्सलाही १०२ पुरतात. मॅटरहॉर्नला १०७, तिथे नाही. इन्क्रेडिकोस्टरला १२२, ती मुलासाठी. ऑर्लंडोला फ्लाइट ऑफ पॅसेज आणि एव्हरेस्ट दोन्ही ११२. म्हणजे तिथली दोन मोठी आकर्षणं तिच्यासाठी बंद.

घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करा. अनवाणी, टाचा टेकलेल्या, हनुवटी सरळ, डोक्यावर पुस्तक आडवं, पेन्सिलची खूण. आंबाडा किंवा पोनीटेल मोजायचा नाही, तिथेही मोजत नाहीत. खूण १०२ च्या अगदी रेषेवर आली तर मुलीला आधीच काही कबूल करू नका. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा थोडा बुटका भरतो.

एक मूल लहान पडलं म्हणून दोघांपैकी एका पालकाची राइड बुडायची गरज नाही. रांगेच्या तोंडाशी 'रायडर स्विच' मागा. एक जण मुलाला घेऊन जाऊन येतो, दुसरा मुलीबरोबर थांबतो, नंतर त्याला मोठी रांग न लावता सोडतात.

आईंच्या गुडघ्यांबद्दल. डिस्नीची डीएएस सवलत (रांगेत ताटकळता न येणाऱ्यांसाठीची) २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींसाठी आहे, गुडघेदुखीला मिळत नाही. त्यावर उपाय व्हीलचेअर, आणि इथे बहुतेक जण चुकतात. गेटावर भाड्याने मिळते ती पार्कबाहेर नेता येत नाही. म्हणजे हॉटेल ते गेट पायी, आणि रात्री दमल्यावर परतही पायीच. बाहेरच्या दुकानातून सगळ्या मुक्कामासाठी घ्या, हॉटेलवर आणून देतात. 'नको गं, मी चालेन' असं त्या म्हणतील. मुलीची पिशवी ठेवायला घेतली आहे म्हणून सांगा, दुपारी बाराला आपणहून बसतील. घडीची खुर्ची किंवा स्टूल नेऊ नका, आत सोडत नाहीत.

आणखी एक. विमानतळावरून टॅक्सीत आठ वर्षांखालच्या मुलाला बूस्टर सीट लागते, कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. भारतातली आणू नका, अमेरिकन मानकाचं लेबल असलेलीच चालते. सहा माणसं आणि सहा बॅगा एका साध्या टॅक्सीत मावत नाहीत, व्हॅनच बोलवा. जॉन वेन विमानतळ बावीसेक किलोमीटर, लॉस एंजेलिसचा मोठा विमानतळ पंचावन्न.

— अर्व्हाइनकर

---

प्रेषक: औंधकर, पुणे

टोकियोला कोणी वाली दिसत नाही म्हणून लिहितो.

नुसता पार्क म्हणून विचाराल तर टोकियोचं डिस्नी-सी या तिन्ही गावांत सगळ्यात देखणं, यात माझ्या मनात शंका नाही. २००१ चं, आणि जून २०२४ मध्ये त्यात फँटसी स्प्रिंग्ज हा मोठा भाग आला. घड्याळाचा फरक फक्त साडेतीन तास. ऑर्लंडोचा साडेनऊ-साडेदहा आणि अनाहाइमचा साडेबारा-साडेतेरा, म्हणजे तिथे अक्षरशः दिवसाची रात्र. अमेरिकेत पहिले तीन दिवस पोरं पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी सातला ताटावर पेंगणार. फटाक्यांचा बेत त्या दिवसांत ठेवूच नका, सकाळी गेट उघडताना रांगेत राहा.

पण तुमच्या सहा जणांसाठी टोकियो मी सुचवणार नाही. कारण जेवण. पार्कात घरचा डबा नेऊ देत नाहीत, तो गेटाबाहेरच्या जागेत बसून खायचा. आत शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये आणि भाजीत बहुधा 'दाशी' असतं, म्हणजे माशाचं पाणी. करीच्या रश्शात मांसाचा अर्क असतो. 'मांस नको' म्हटलं की तुकडे काढून देतात, रस्सा तोच. तुम्ही दोघं निभावून न्याल, आई-बाबा फळं आणि बटाट्याच्या काड्यांवर राहतील. अमेरिकेतल्या दोन्ही ठिकाणी आपलं खाणं आत नेता येतं, काचेची बाटली तेवढी नको.

उंचीतही मार आहे. इंडियाना जोन्स, जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ आणि रेजिंग स्पिरिट्स, तिन्हींना ११७. तुमच्या मुलीला मोठ्यांत सोअरिंग मिळेल, तिला १०२ पुरतात. स्पेस माउंटन तर २०२४ च्या जुलैत नव्याने बांधायला बंद केली, २०२७ पर्यंत.

तरी जायचंच असेल तर एक खबरदारी. टोकियो स्टेशनात केइयो लाइनचा फलाट बाकीच्या फलाटांपासून दहा-पंधरा मिनिटं लांब आहे, जमिनीखालून. माइहामा या पार्कच्या स्टेशनापर्यंतचा गाडीतला प्रवास जेमतेम तेवढाच. गुडघे तिथेच बोलायला लागतील.

हाँगकाँग तुमच्या यादीत का नाही? पार्क लहान, दोन दिवसांत निवांत होतो. हॉटेलं पार्कालगत, तीनच. सनी बे स्टेशनला गाडी बदलली की मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची ट्रेन थेट दारात सोडते. ज्येष्ठांचं तिकीट अगदी किरकोळ. भारतीय पासपोर्टला आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते, फुकट आहे, चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. पण मुलगा नऊ वर्षांचा आहे, दुसऱ्या दिवशी दुपारी 'आता काय?' विचारेल.

— औंधकर

---

प्रेषक: सदाशिवपेठकर, पुणे

खोपोली.

थट्टा नाही. जायच्या महिनाभर आधी सहाही जणांना एक दिवस इमॅजिकाला न्या, नव्वदेक किलोमीटर. रांगेत पाऊण तास उभं राहून कोण किती वाजता बसतं ते लिहून ठेवा. अंधाऱ्या राइडला मुलगी घाबरते का तेही तिथेच कळेल, हजारो डॉलर मोजल्यावर नाही. बाबा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात हा पुरावा धरू नका. चढणं वेगळं, सपाट फरशीवर एका जागी उभं राहणं वेगळं.

मुलगा दहाचा कधी होतो? अमेरिकेत ३ ते ९ लहान मुलाचं तिकीट, दहाव्या वाढदिवसापासून मोठ्याचं. प्रवेशाच्या दिवशीचं वय धरतात.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापतील. तो विवरणपत्रात परत मागता येतो, फक्त पॅन कोणाचा दिलात ते लक्षात ठेवा. बाबांच्या नावावर कापला आणि ते विवरणपत्र भरत नसतील तर परतावा तसाच पडून राहील.

चिवडा, भाकरवडी न्या, कस्टम्सला 'खाद्यपदार्थ आहेत' म्हणून सांगा. ताजा कढीपत्ता मात्र बॅगेत नको, तिकडे सक्त मनाई आहे. लिंबूवर्गीय झाडांवरची कीड त्यातून जाते.

— स.पे.

---

प्रेषक: बाणेरकर, पुणे

मंडळी, निकाल लागला. अनाहाइम, सहा रात्री, हार्बर बुलेव्हार्ड, दोन कनेक्टिंग खोल्या, तीन दिवसांचं तिकीट. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क नाही, पोहण्याचा तलाव आणि झोप. मग पार्क, पार्क, सुट्टी, पार्क. मुलाचा वाढदिवस जानेवारीत आहे, वाचलो.

दोन प्रश्न उरले. अर्व्हाइनकर ताई, लायटनिंग लेन तिथेही सात दिवस आधी का? आणि पाच वर्षांच्या मुलीला स्ट्रोलर लागेल का? ती घरी म्हणते, मी बाळ नाही.

---

प्रेषक: अर्व्हाइनकर, कॅलिफोर्निया

नाही. इथे गेटातून आत शिरल्यावरच पहिलं बुकिंग करता येतं. म्हणून फोन चार्ज केलेला आणि सगळ्यांची तिकिटं एकाच ॲपमध्ये जोडलेली हवीत. हे आदल्या रात्री हॉटेलच्या वाय-फायवर करा, गेटात उभं राहून नव्हे.

स्ट्रोलर लागेलच. रुंदी ७९ आणि लांबी १३२ सेंटिमीटरच्या आत हवा, ओढायची गाडी चालत नाही. राइडबाहेर ठरलेल्या जागी लावायचा. परत याल तेव्हा कर्मचाऱ्यांनी ओळीत सारून दुसरीकडे ठेवलेला असतो, चोरीला गेला म्हणून घाबरू नका. दांड्याला भडक ओढणी बांधा. आई-बाबांना चपाती हवीशी वाटली तर आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर आपली दुकानं आहेत, वीसेक किलोमीटर. सुट्टीचा दिवस तिथे लावा. बूस्टर माझ्याकडून न्या.

---

प्रेषक: सदाशिवपेठकर, पुणे

घडीचा स्ट्रोलर माझ्याकडे आहे. आत्ता मोजला, रुंदी ४८, लांबी ८२. पुढचं डावं चाक थोडं करकरतं, तेल घालून ठेवतो. केव्हाही येऊन घेऊन जा, एक ते चार सोडून.