अनुभव धागा : तुमच्या ओळखीची जागा ‘स्पॉट’ झाली तेव्हा...

कंदीपेढा :
रविवारी साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या रस्त्यावर पावणेदोन तास गाडीत बसून होते. यवतेश्वरच्या पुढे रांग लागली ती हलेचना. एक दूधवाला मोटारसायकलला कॅन लटकवून कडेच्या गवतातून सुसाट निघून गेला, जाता जाता आमच्याकडे बघून हसलासुद्धा. भाचीने ऑनलाइन तिकीट काढलं होतं, स्लॉटची वेळ टळत चाललेली. ती मला सारखी विचारत होती, “मावशी, तुझ्या वेळी किती होतं गं तिकीट?”

तिकीट! सहावीत असेन. शाळेची सहल, एसटीचा लाल डबा. सर ओरडत होते “फुलं तुडवू नका रे”, आणि आम्ही भर तेरड्यात बैठक मारून दशम्या खाल्ल्या. लोळलो, फुलं ओरबाडून गजरे केले. ‘सीतेची आसवं’ हे नाव ऐकून आमची एक मैत्रीण खरंच रडली होती. आज असं कुणी केलं तर गावच्या समितीची माणसं शिट्टी मारून उठवतात, आणि बरोबरच करतात. पण तेव्हा अख्ख्या पठारावर आम्ही चाळीस पोरं होतो आणि दोन गुराखी.

२०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात कास. मग गर्दी, मग गर्दीला आवर घालायला दिवसाला ३००० माणसांची मर्यादा. मध्यंतरी जाळीचं कुंपणही घातलं होतं. गुरं आत येईनात, गवत माजलं, त्याखाली फुलं दबायला लागली, शेवटी कुंपण काढलं. म्हणजे गुरांचे खूर चालत होते. आपले बूट चालत नाहीत.

तर तुमच्या माहितीतलं असं एखादं ठिकाण? आणि तुम्ही स्वतः कुणाच्या गावात गर्दी झालाय का, तेही लिहा. प्रामाणिकपणे हां.

पुणेरी_पाटी :
पहिला! मीटिंगमध्ये आहे, सविस्तर नंतर.

घाटवाट :
मी झालोय. काजवे. भंडारदऱ्याला आम्ही मित्र आठ-नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो, मे संपता संपता. घाटघरच्या रस्त्याला एका सादड्याच्या झाडाखाली उभे होतो. झाड पेटायचं, विझायचं, परत पेटायचं. अर्धा तास कुणी बोललं नाही. आमच्यात एक अखंड बोलणारा आहे, तोसुद्धा गप्प.

घरी येऊन मी फोटो टाकले, नकाशासकट. ‘अजून फारशी कुणाला माहीत नसलेली जागा’ असं वर लिहिलं होतं. माझ्या एकट्याच्या पोस्टने काय होणार म्हणा, पण माझ्यासारखे एकटे-एकटे किती असतील. मागच्या वर्षी शनिवारी गेलो तर शेंडीपासून गाड्याच गाड्या. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला बोलवायला, त्याला अंधार लागतो. तिथे हेडलाइटचा उजेड, मोबाईलचे टॉर्च, एका गाडीच्या डिकीतून गाणी. एक बाई फ्लॅश मारून फोटो काढत होत्या आणि म्हणत होत्या, “काहीच येत नाहीये.”

ते झाड होतं तिथेच. त्याच्याखाली मॅगीची टपरी. मी मॅगी खाल्ली. (प्रामाणिकपणे लिहा म्हणालात म्हणून.)

सुगरणबाई :
कंदीपेढा, दशम्या दुधातल्या की पाण्यातल्या? आमच्या सासूबाई ज्वारीच्या दुधातल्या करायच्या, प्रवासात तीन दिवस टिकायच्या. बाकी धागा छान, वाचतेय. कुकर लावलाय.

देवबागचो :
मोबाईलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आमचं गाव देवबाग, मालवणजवळ. म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये वाळूची पट्टी. लहानपणी किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढायची तर अर्धा गाव दोरीला लागायचा. आता रापण ओढायला जागा शोधावी लागते. खुर्च्या, छत्र्या, बनाना बोटी. काकाने जाळी विकून बोट घेतली, डॉल्फिन दाखवतो.

पण मला कुणी “पर्यटनाने कोकणाची वाट लावली” म्हटलं की राग येतो. माझे दोन्ही चुलतभाऊ मुंबईला चाळीत खोलीत पाचजण राहत होते, ते परत आले. न्याहारी-निवासच्या चार खोल्या बांधल्या, मुलं गावच्या शाळेत. चाकरमानी परत आलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यातले खेळ बंद असतात, तेवढे तीन महिने गाव आमचं.

त्रास पाण्याचा. वाळूची पट्टी, त्यात विहिरी, त्याच वाळूत प्रत्येक खोलीमागे संडासाची टाकी. उपसा वाढला तसं खारं पाणी आत आलं. आई म्हणता, “पावण्यांका गोड्या पाण्यान आंघोळ व्हयी, आणि आमच्या बावडेचा पाणी खारा झाला.” टँकर मागवतो. टँकर जिथून भरतो त्या गावातले लोक आता आमच्यावर चिडलेत.

आकडेमोड :
देवबागचो, एक नंबर लिहिलंय. अवांतर आकडा : १९५० मध्ये जगभरात देशाबाहेर फिरायला जाणाऱ्यांच्या फेऱ्या होत्या सुमारे २.५ कोटी. २०१९ मध्ये १४० कोटींच्या पुढे. करोनात आपटल्या, २०२४ पर्यंत परत जवळपास तिथेच. यात देशातल्या देशात फिरणारे धरलेलेच नाहीत, म्हणजे कासच्या रांगेतली भाची कुठेच मोजलेली नाही.

अण्णा६२ :
मग काय आम्ही घरीच बसायचं? माझ्या आईने समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. आमच्या मराठवाड्यातून गणपतीपुळ्याला बस केली होती, चौदा तास. ती पाण्यात गुडघाभर उभी राहिली आणि म्हणाली, एवढं पाणी आणि आपल्याकडे हंड्याला रांग. पूर्वी फिरायचे ते पैसेवाले. आता आमच्यासारखे निघाले की लगेच गर्दी झाली म्हणे!

कंदीपेढा :
अण्णा, तुमचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये. आईंना नमस्कार.

अण्णा६२ :
ती गेली २०१६ ला. पण सांगतो वर.

ट्युलिपवाली :
अण्णा 🙏

आमच्याकडे ॲमस्टरडॅमला उलटं चाललंय, शहर पाहुण्यांना “कमी या” सांगतंय. म्युझियमसमोर ती मोठी ‘आय ॲमस्टरडॅम’ अक्षरं होती ना, ती २०१८ च्या डिसेंबरात उचलली. हॉटेलवर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटक-कर. स्वतःचं घर पाहुण्यांना द्यायचं तर २०१९ ला वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आली. आमच्या वरच्या मजल्यावरचे देतात. त्यांच्या रात्री कोण मोजतं? मी मोजते! रात्री दीड वाजता अरुंद लाकडी जिन्यावरून चाकांची बॅग चढते, दर पायरीला धाड. कॅलेंडरवर फुल्या मारते.

आणि मग आई-बाबा आले. आईचं पहिलं वाक्य, “ती अक्षरं कुठायत? शेजारच्यांनी फोटो काढला होता.” त्यांना घेऊन गीथूर्न नावाच्या गावी गेले. कालवे, छोटे लाकडी पूल, गवताच्या छपरांची घरं. बाबा सरळ एका पुलावरून पलीकडे गेले आणि कुणाच्या तरी अंगणात उभे राहून मला हाक मारायला लागले, “फोटो काढ गं!” पूलसुद्धा त्या घरापुरताच होता. आत एक आजी खिडकीशी बसून सूप पीत होत्या. त्यांनी फक्त पडदा ओढला. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुगरणबाई :
खिडकीतल्या आजी 😢 आमच्या वाड्यात लोक असेच शिरायचे, “जुना वाडा बघायचाय” म्हणत. सासूबाई चहा करून द्यायच्या. एकाने जाताना विचारलं, इथे शूटिंग करायचं तर किती घेता.

विदर्भ_एक्सप्रेस :
वाघाचं लिहू का राजेहो? नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या ३१ डिसेंबरला एक वाघीण आन् तिचे पाच बछडे रस्त्यात, दोन्हीकडून सफारीच्या जिप्स्या. व्हिडिओ सगळ्यांनी पाह्यला असंल. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

माझा मावसभाऊ ताडोब्याकडं गाइड आहे. तो म्हणते, पाहुणा गाडीत बसला की पहिला प्रश्न “टायगर दिसेल ना पक्का?” नाही दिसला तर टिप नाही, वरून रेटिंग खराब. मोबाईल न्यायला बंदी आहे तर लोक त्याच्यावरच चिडतात. एकदा रानकुत्रे दिसले, सोळा-सतराचा कळप, शिकारीवर. हे दिसायला नशीब लागते! मागच्या सीटवरचे काका म्हणाले, “कुत्रे काय दाखवता, पुढं घ्या.”

घाटवाट :
“कुत्रे काय दाखवता” 😂😂 खपलो.

लेकुरवाळी :
भूतानला आपल्याला माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे. इतर परदेशी लोकांना १०० डॉलर, आधी तर २०० होते. सहा रात्री दोघांचे १४,४०० झाले. नवरा विमानतळापासून हिशोब करत होता, “एवढ्यात गोवा झाला असता.” पैसे तिकडच्या शाळा-दवाखाने-जंगलाकडे जातात असं ड्रायव्हरदादांनी सांगितलं, तेव्हा म्हणाला, “मग पावती द्या, करात दाखवतो.”

तक्त्संगची, म्हणजे कड्यावरच्या त्या मठाची, चढण चढताना गोळीचा कागद टाकायची त्याची हिंमत झाली नाही, कारण खाली एकही कागद नव्हता. खिशात ठेवला. ठाण्याला आल्यावर मशीनमधून निघाला, पँटला गुलाबी रंग लावून. तेवढ्यापुरता भूतानचा उद्धार झाला. बाळ उठलं, पळते.

खंडाळ्याची_राणी :
लिहू की नको असं झालं. मी लोणावळ्याची. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आम्ही घराबाहेर पडत नाही, भाजी-दूध शुक्रवारीच भरून ठेवतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दिवशीही रस्ता तुडुंब होता. त्यानंतर संध्याकाळी सहानंतर बंदी वगैरे आली.

माझं वेगळं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, जुलैतला रविवार, सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. पन्नास मिनिटं लागली. ॲम्ब्युलन्सपुढे एक मुलगा गाडीच्या टपावर बसून नाचत होता. सायरनच्या तालावर. ते वाचले, आता ठणठणीत आहेत, रोज माझ्याशी साखरेवरून भांडतात. पण तो ताल माझ्या डोक्यातून जात नाही.

आकडेमोड :
बाप रे. सासऱ्यांना साखर देऊ नका.

ट्युलिपवाली :
राणी, मिठी. 🫂

वाळूतलीपावलं :
जरा बरं वाटेल असं लिहिते. कोकणातलं वेळास गाव, मार्चमध्ये. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथे गावकरी सांभाळतात, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने सुरू केलेलं काम. अंडी जाळीच्या आत, पिल्लं निघाली की टोपलीतून आणून समुद्राकडे तोंड करून सोडतात, आपण दोरीमागे. हॉटेल नाही, गावातल्या घरी राहायचं, पंगतीत जेवायचं. उकडीचे मोदक होते.

आम्ही दोन दिवस होतो. सकाळी आणि संध्याकाळी धरून चार वेळा गेलो. शून्य पिल्लं. तिसऱ्या वेळी एक गृहस्थ कार्यकर्त्या पोरावर तापले, “आम्ही पुण्याहून आलोय, काहीतरी सोय करा.” तो शांतपणे म्हणाला, “काका, अंडं पन्नास-पंचावन्न दिवसांनी फुटतं. त्याला सांगून बघतो.”

चौथ्या वेळी निघायची घाई, तर माझी आठ वर्षांची पोर दोरीला धरून बसली होती. पिल्लू नाहीच आलं. परत जाताना तिने घरच्या काकूंना विचारलं, ती आल्यावर आम्हाला फोन कराल का? काकूंनी खरंच केला. एकोणिसाव्या दिवशी, सकाळी सात वाजता. मागे समुद्राचा आवाज येत होता.

सुगरणबाई :
अगं किती गोड!! त्या काकूंचा नंबर दे ना, आम्ही बाराजण आहोत.

वाळूतलीपावलं :
🤐

देवबागचो :
सुगरणबाई, आमच्याकडे या, पण जुलैत. सगळं बंद असतं. आई तुम्हाला घावणे घालील, तुम्ही तिला दशम्या शिकवा. पैसे नकोत, येताना पिण्याचं पाणी तेवढं आणा. 😀

कंदीपेढा :
दशम्या दुधातल्याच होत्या सुगरणबाई, बरोबर शेंगदाण्याची चटणी. आठवायला बसले तर अजून एक आठवलं. वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या होत्या आणि ते कागद आम्ही तिथेच सोडून आलो. चाळीस डब्यांचे चाळीस. सरांनीसुद्धा.

पुणेरी_पाटी :
मीटिंग संपली. धागा वाचायचाय अजून. कासला ह्या रविवारी जायचा विचार आहे, तिकीट मिळेल का?

कंदीपेढा :
मंगळवारी जा. वाटेत दूधवाला भेटला तर नमस्कार सांग.