दगडखाणीत पहिला पैसा कशावर घालावा? (औसा तालुका)

खाणमेट_औसा
नमस्कार. औसा तालुक्यातल्या एका दगडखाणीवर मी नऊ वर्षं मेट, म्हणजे कामावर देखरेख करणारा, आहे. काळा पाषाण, ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर भोकं मारून सुरुंग, एक पोकलेन, चार टिपर. मालकांनी यंदा थोडे पैसे काढलेत. खेपा वाढाव्यात म्हणून टिपरला जीपीएस बसवू म्हणायलेत. त्यांचं चूक नाही, पण माझा जीव दुसरीकडंच अडकलाय.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भोकं भरून झाली होती, तारा जोडायच्या राहिल्या होत्या आणि तुळजापूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वीज कडाडली. ओरडून ओरडून बारा माणसं वर काढली. काही झालं नाही. पण विजेमुळं इलेक्ट्रिक डिटोनेटर (सुरुंग पेटवणारी कॅप) आपोआप उडू शकतो हे प्रशिक्षणात ऐकलेलं, ते तेव्हा अंगावर आलं.

दुसरं गावाचं. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. सुरुंग उडाला की म्हाताऱ्या बाया अजून अंगणात येऊन उभ्या राहतात. एका आजीनं मला भिंतीची चीर दाखवली. ती आमच्यामुळं पडली की आधीचीच, मला सांगता आलं नाही. खाली मान घालून परत आलो. काय घ्यावं?

वर्धाकाठ
मेटभाऊ, मी मूळचा लोह्याचा, आता चंद्रपूरकडं कोळसा खाणीत ओव्हरमन (पाळीचा पर्यवेक्षक). दरड सरकते का ते बघणारं रडार वगैरे खोल खाणींचा खर्च आहे, तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या कड्याला चीर दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, रोज अंतर मोजा आणि एकाच जागेवरून मोबाईलनं फोटो काढा.

आभाळातल्या विजेसाठी पैसा लागतच नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घ्या, तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दिसतं. मात्र बघायचं कधी? स्फोटकं कोठारातून काढायच्या आधी. भोकं भरल्यावर बघून उपयोग फक्त पळायला. आणि खाली खड्ड्यात रेंज नसते, म्हणून काठावर एक माणूस त्याच कामाला ठेवा. नॉनेलच्या (करंटशिवाय सुरुंग पेटवणाऱ्या) नळ्यांना इलेक्ट्रिक कॅपसारखा भटक्या करंटचा धोका नाही, पण म्हणून विजेत थांबायचं नाही.

सुरुंगवाली
दादा, मी खाण अभियंता, कंपन मोजायचंच काम करते. तुम्ही स्फोटकं वापरता, म्हणजे खाण कितीही लहान असली तरी खाणसुरक्षेचा कायदा लागू (२०२५ पर्यंत तो खाण अधिनियम १९५२ होता). खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात गावातल्या घरांसाठी जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा दिली आहे: कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ हेलकाव्यांच्या) खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५.

कंपनमापक विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. खाणीला सगळ्यात जवळच्या घराच्या पायाशी जमिनीत घट्ट बसवा, नुसता ओट्यावर ठेवला तर आकडा फसवा येतो. कंपन ठरतं ते एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी उडणाऱ्या भोकांत, किती किलो भरलं यावर, एकूण किती यावर तितकं नाही. अंदाजासाठी लक्षात ठेवा: घर निम्म्या अंतरावर असेल तर तेवढ्याच कंपनासाठी किलो चौथाई करावे लागतात. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर महाग आहे, पण त्याचं मिलिसेकंदांचं अंतर चुकत नाही, म्हणून दोन भोकं एकदम उडत नाहीत. दगडही सारखा फुटतो, पोकलेनला मोठे दगड फोडायचा हॅमर कमी लावावा लागतो. मालकांना हे सांगा. आजींच्या भिंतीचा फोटो मात्र आधी, तारखेसह.

टिपरमालक_जालना
जीपीएस नंतर घ्या, आधी चारही गाड्यांना मागचा कॅमेरा आणि रिव्हर्सचा भोंगा. खेपांचं म्हणाल तर पोकलेनपाशी गाडी किती मिनिटं उभी राहते ते आठवडाभर वहीत लिहा. रांग लागत असेल तर जीपीएसनं खेप वाढणार नाही, भरणंच हळू आहे.

खाणमेट_औसा
ताई, भाऊ, उपकार झाले. वहीचे चार दिवस भरले: गाडी सरासरी अकरा मिनिटं उभीच. ती वही मालकांपुढं ठेवली, ते बराच वेळ बघत बसले. कॅमेरे यायलेत, कंपनमापक भाड्यानं ठरलं. बुधवारी सुरुंग आहे. आजी म्हणाल्या, यंत्र माझ्याच दारात लाव, आकडा मला वाचून दाखव. काय येईल ते वाचून दाखवणार. इथंही टाकतो.