धुळ्यातल्या भाड्याने दिलेल्या घराला आग, मी मस्कतला. आधी काय करू?

मस्कतची_लेक:
मंगळवारी दुपारी एक वाजता ड्युटीवर असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, तुन्हा घरमा आग लागनी." धुळ्यात तेव्हा अडीच वाजले होते. फोन हातात होता आणि त्यांना काय विचारावं तेच सुचेना.

घर देवपूरला आहे. वडिलांनी एसटीतून निवृत्त झाल्यावर बांधलं. ते गेल्यावर आईला मी इकडे आणलं आणि तीन वर्षांपूर्वी घर एका कुटुंबाला भाड्याने दिलं. नवरा-बायको, दोन मुलं. अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी केलेला. भाडं कधी एक दिवस उशिरा आलं नाही. त्या दिवशी मुलं पेपर देऊन येऊन झोपली होती. कूलर एक्स्टेंशन बोर्डावर चालू होता आणि तिथूनच पडदा पेटला असं वहिनी (भाडेकरू) म्हणतात. मुलांना घेऊन त्या बाहेर पळाल्या. गल्लीतल्या एका मुलाने मेन स्विच पाडला आणि मागच्या दाराने जाऊन सिलेंडर बाहेर ओढला. त्या पोराचे उपकार मी कसे फेडू? बंब आला तोवर पुढची खोली आणि बेडरूम जळाली होती. छताचं प्लास्टर गळून पडलंय. स्वयंपाकघर वाचलं.

आईला संध्याकाळी सांगितलं. तिने घराचं काहीच विचारलं नाही. "सम्दा बरा शेतस ना?" एवढंच म्हणाली.

घराचा विमा आहे, भारत गृह रक्षा. नाशिकचे मेव्हणे धुळ्याला पोचलेत. ते म्हणतात, आधी साफसफाई करून रंग मारून घेऊ. काही नातेवाईक म्हणतात, डिपॉझिट ठेवून घे आणि त्यांना काढ. मला ते करायचं नाही. पण मग बरोबर काय, ते इतक्या लांबून मला समजत नाही. सुट्टी मिळायला अजून तीन आठवडे आहेत.

पांझराकाठ:
ताई, पहिलं म्हणजे मेव्हण्यांना फोन करून झाडू खाली ठेवायला सांगा. सर्वेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) येऊन बघेपर्यंत जळका बोर्ड, कूलर, वायर काहीच हलवायचं नाही. विमा कंपनीला आजच कळवा, फोन आणि ईमेल दोन्ही. अग्निशमन विभागाचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत लागेल, ती मेव्हणे काढू शकतात. सर्वेअर येईल तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हजर राहा.

२०२१ च्या १ एप्रिलपासून आलेल्या या पॉलिसीत घर राहण्यालायक नसेल तोवर बुडणारं भाडंही धरतात. राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत मिळतं. लोक हे मागतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. भाडेकरूचं सामान मात्र तुमच्या पॉलिसीत येत नाही.

अजून एक. आग कशाने लागली हे ठरण्याआधी "भाडेकरूच्या चुकीने" असं कुठेही लिहू नका. आणि दया येऊन "माझी काही तक्रार नाही" असंही त्यांना लिहून देऊ नका. पैसे दिल्यावर कंपनीला जबाबदार माणसाकडून वसुलीचा हक्क असतो. तो तुम्ही परस्पर सोडला तर दावा अडकू शकतो. आधी कंपनीला विचारा.

मेव्हण्यांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

गवंडी_ते_इंजिनिअर (चाळीसगाव):
रंगाचं नाव सध्या काढूच नका. प्लास्टर गळलंय म्हणजे स्लॅब तापलाय. पडलेल्या जागी काँक्रीटचा रंग गुलाबीसर दिसतोय का, ते बघायला सांगा. तसा असेल तर ते साधारण ३०० अंशांच्या वर गेलं होतं असं समजतात. हातोडीने ठोकून पाहायचं. ठणठणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर आतून सुटलंय. हे डोळ्यांनी ठरवायचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि तोवर त्या दोन खोल्यांत कुणाला झोपू देऊ नका. सळई उघडी पडली असेल तर खालून टेकू द्या.

वायरिंग स्वयंपाकघराचंही बदला. जळालेलं नसलं तरी त्यात बंबाचं पाणी गेलेलं असतं. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आल्याशिवाय मीटर चालू करायचा नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरला भिंतीतला स्वतंत्र पॉइंटच हवा. नवीन वायरिंगमध्ये तो आधी काढा.

भुसावळची_सुनंदा:
मी भाडेकरूच्या बाजूने लिहिते, कारण सात वर्षांपूर्वी आमची खोली अशीच जळाली. आम्ही तिथे भाड्यानेच होतो. भांडी-कपडे परत येतात हो, पण मुलीच्या मार्कशीटसाठी मी किती फेऱ्या मारल्या ते मलाच ठाऊक. तुमच्या वहिनींना सांगा, कोणकोणते कागद जळाले ते पंचनाम्यात नावानिशी लिहून घ्या. दहावी-बारावीचे दाखले, जातीचा दाखला, रेशनकार्ड, सगळं. दुसरी प्रत काढताना तो कागद दाखवता येतो.

डिपॉझिटचं म्हणाल, तर त्या माणसांना आज दुसरीकडे डिपॉझिट भरायचंय आणि अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही.

मस्कतची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. झाडू थांबवला. सर्वेअर शनिवारी येऊन गेला, मी दीड तास व्हिडिओवर होते. स्लॅबचा एक कोपरा बद्द वाजतोय, इंजिनिअर सोमवारी येतोय.

डिपॉझिट काल पूर्ण परत पाठवलं. पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख आहे, बाकी काही लिहिलेलं नाही. पाठवण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारलं होतं. काकूंनी वरची खोली त्यांना दिलीय, मुलांचे दोन पेपर राहिलेत तोपर्यंत. सुनंदाताई, कागदांची यादी पंचनाम्यात घातली. त्यात धाकट्याचं जन्माचं प्रमाणपत्रही निघालं, वहिनींच्या ते लक्षातच नव्हतं.

आई म्हणते, दोन महिन्यांनी घर उभं राहिलं की त्यांनाच परत बोलाव. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलांना विचारून सांगते, धाकटा अजून रात्री उठून स्विच बघतो."